सोडवून आणलेले गळ

१

टौरंगा म्हणून एक गाव आहे, न्यूझीलंडात, समुद्राला खेटून. तिथून बोटी भरभरून किवीफळं जगभर जातात. त्या गावात, चढावरच्या एका लाकडी घरात, गंधार राहायचा आणि त्याची बायको निवेदिता. गंधार चिपळूणचा, शिकायला म्हणून आला आणि राहिला तो राहिलाच. निवेदिता पुण्याची, फळं निवडणारी यंत्रं असतात ना, त्यांच्या कॅमेऱ्यांना डागी फळ कुठलं आणि चांगलं कुठलं हे शिकवायचं तिचं काम. दोघं गुणी, दोघं कमावती. घरात सगळं होतं, पाळणा तेवढा नव्हता.

एका वर्षी दिवाळी झाल्यावर गंधारचे वडील चंद्रशेखर लेकाकडे राहायला आले. त्यांना सगळे नाना म्हणत. आई विभावरीबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्या चिपळुणात मागे राहिल्या.

नानांना नाद एकच. गरवायचा. वाशिष्ठीच्या काठी गळ टाकून बसण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस टीव्हीपुढे किती बसणार? गंधारने त्यांना गावाबाहेरचं धरणाचं तळं दाखवलं. तळं कसं, तर पूर्वी तिथे दरी होती, दरीत रान होतं. धरण झालं, पाणी चढलं, रान कुणी तोडलं नाही. झाडं उभ्या उभ्या पाण्यात मेली. वर पांढरे शेंडे, खाली फांद्यांचं जाळं, काठाला आडवे पडलेले ओंडके. मासा राहतो त्या जाळ्यात. त्याला धरायचं तर गळ फांद्यांतच फेकायला हवा, आणि फेकला की दर दोन-चार खेपांनी तो अडकायचाच. अडकला की नाना जिभेने आवाज काढायचे, "च्यक्." मग तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, दाढेखाली धरून तोडायचे.

आता तिथले गळ म्हणजे नुसता आकडा नव्हे. रंगवलेला खोटा मासा, त्याला डोळे काढलेले, पोटाखाली आकडे. लूअर म्हणतात. निवेदिताला ती खेळणीच वाटायची, महागाची खेळणी. नाना मात्र त्यांना जिवापाड जपत. घरी आले की लाँड्रीतल्या टबात गळ धुवायचे आणि प्रत्येक आकड्याच्या टोकाला झाडाच्या सालीचा एक लहानसा तुकडा टोचून ठेवायचे.

"गळाचं तोंड उघडं ठेवू नये, सूनबाई. उद्या घरात मूल रांगेल, त्याला टोचेल."

मूल म्हटलं की निवेदिता विषय बदलायची. पण नाना ते टोमणा म्हणून बोलत नसत. त्या माणसाला टोमणा मारताच यायचा नाही. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. कुणी बोललं की ते उजवा गाल पुढे करून, मान जराशी खाली घालून ऐकत. देवळात घंटेखाली माणूस वाकतो तसे.

२

झालं ते असं.

मे महिना लागला होता, तिकडची थंडी उंबऱ्याशी आलेली. संध्याकाळी निवेदिता स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. पलीकडे सुलेखा, बॉटनी डाउन्सला राहणारी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण.

"आजचा स्कोअर काय गं तुझ्या सासऱ्यांचा?" सुलेखाने विचारलं.

"मासे शून्य, लूअर एक. रोज एक तळ्याला वाहून येतात. आणि परवा कुठला घालवला माहितीये? तो रुपेरी. गंधारच्या बर्थडेला मी आणला होता तो. गंधार म्हणतो, सो व्हॉट, जाऊ दे. मी म्हणते, का जाऊ दे? घालवलाय ना, मग उतरा म्हणावं पाण्यात आणि आणा सोडवून!"

आणि दोघी हसल्या. बोलण्यात विष नव्हतं. दिवसभराचा शीण होता, पोळ्या लाटायच्या होत्या, घरभर माशाचा वास होता.

भिंतीपलीकडे नाना खुर्चीत पेपर वाचत होते. निवेदिताचं हसू संपलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघापासून पेपरचं पान उलटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं गंधारने त्यांना कामावर जाता जाता तळ्यावर सोडलं. दुपारी कुत्रा फिरवायला आलेल्या एका माणसाला ओंडक्यावर जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, दिसल्या, शेजारी शेजारी, पावलं जुळवल्यासारख्या. बाजूला पँट, घडी घातलेली, घडीवर चष्मा. नाना आत फांद्यांत होते, उभ्याचे उभे.

डॉक्टर म्हणाले, गार पाण्याने हृदय थांबलं, बुडायच्या आधीच गेले. लोक म्हणाले, पाय घसरला असेल. गंधार म्हणाला, "नानांना पोहायची हौस होती. मीच पाणी गार आहे हे नीट सांगायला हवं होतं."

निवेदिता आल्यागेल्याला चहा देत राहिली. पाय घसरणारा माणूस पँटची घडी घालत नाही, आणि हौसेने पोहणारा फांद्यांत शिरत नाही, एवढं तिला कळत होतं.

दहाव्याला न्यू लिनहून एक गुरुजी आले. नदीकाठच्या बागेत त्यांनी भाताचे पिंड मांडले. आता आपल्याकडे काय, कावळा शिवेपर्यंत माणसं ताटकळतात. नाही शिवला तर एकेक जण पुढे होतो. मुलीचं लग्न मी लावून देईन, भावाला मी अंतर देणार नाही, असं गेलेल्याच्या मनात काय अडकलं असेल ते हुडकून वचन देतो. ज्याचं वचन बरोबर लागेल, त्याला कावळा पावतो. पण तिथे कावळे नाहीतच. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला.

"चालतं," गुरुजी म्हणाले. "परदेशात हे चालतं."

सगळे गाडीकडे निघाले. निवेदिताने मोठा श्वास सोडला. खरा कावळा असता तर आपल्याला पुढे होऊन बोलावं लागलं असतं, हे तिला ठाऊक होतं. बिनकावळ्याचा देश, म्हणून ती सुटली.

त्याच हिवाळ्यात तिला दिवस राहिले आणि गेले. ती कुणाजवळ रडली नाही. तिला वाटलं, बरोबरच आहे.

३

वर्ष होत आलं. गंधार अस्थी घेऊन चिपळूणला जाऊन आला होता. आल्यावर त्याने नानांची गळाची काठी उचलली आणि दर शनिवारी तळ्यावर जायला लागला. सकाळी थर्मास घेऊन जायचा, दुपारी परत. जँडल्स दाराशी, बादली गराजमध्ये, मग आंघोळ, मग वरणभात. मासा क्वचितच. निवेदिता विचारायची नाही. शोक करायची एकेकाची रीत असते.

एका शनिवारी तो दारातूनच ओरडला, "नी! बाहेर ये. यू वोन्ट बिलीव्ह धिस!"

त्याच्या तळहातावर हिरवा लूअर होता, पाठीवर काळे ठिपके. नानांनी आल्या आल्या घालवलेला पहिलाच.

"माझा अडकला. म्हटलं, गेला. जरा ओढला, तर सुटला की! आणि बरोबर हाही आला."

"पाणी उतरलं असेल," निवेदिता म्हणाली. "वीजवाले सोडतात ना पाणी अधूनमधून. लाकूड कुजलं की जुने गळ मोकळे होणारच."

"तेच तर. मस्तच झालं, स्वीट अ‍ॅज!"

तिने तो हातात घेतला. इतके महिने पाण्यात राहूनही त्याला शेवाळ नव्हतं. पोटाखालच्या आकड्याच्या टोकाला काळ्या, भिजलेल्या लाकडाचा लहानसा तुकडा होता. लाकडात रुतलेला गळ लाकूड घेऊनच सुटणार, त्यात काय? तिने तुकडा नखाने काढून टाकला आणि हात धुतले. साबणाने, दोनदा.

पुढच्या शनिवारी पिवळा आला. मग लाल शेपटीचा. प्रत्येक आकड्याच्या टोकावर काळ्या लाकडाचा तुकडा, हरभऱ्याएवढा. निवेदिताच्या यंत्रांतसुद्धा असं होतं. कॅमेऱ्याला एकदा डाग दिसायला लागले की चांगल्या फळावरही डाग दिसतात. आपल्या डोळ्यांचंही तसंच झालंय, असं तिने स्वतःला बजावलं. पण लाकूड मोडून आलं असतं तर कुठे मोठं, कुठे छोटं, कुठे नुसती साल आली असती. हे सगळे तुकडे एका मापाचे होते.

एका रविवारी सकाळी ती धुणं लावायला लाँड्रीत गेली. टबात सगळे गळ ओळीने मांडलेले होते. धुतलेले, हिरव्याचंही टोक पुन्हा झाकलेलं. टबाच्या तळाशी थोडं गढूळ पाणी आणि तळ्यातल्या लाकडांसारखा कुजका, गोडसर वास.

"गंधार, लूअर टबात का ठेवलेस? मी धुणं कुठे टाकू?"

"मी कुठे ठेवले? बादलीत आहेत गराजमध्ये." तो डोळे चोळत आला, बघून थबकला आणि हसला. "ठेवले असतील मीच. नानांचं बघून बघून हात लागतात तसे. झोपेत असेन."

त्याला भीती वाटलीच नाही, हे निवेदिताला सगळ्यात भयंकर वाटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं.

ती नानांच्या खुर्चीत जाऊन बसली. ह्या खुर्चीत ती मागेही अशीच बसून पाहायची, चोरून, गंधार नसताना. एकच हिशोब होता तिचा. इथे बसलं की स्वयंपाकघराच्या भिंतीकडे कुठला कान येतो? डावा यावा, डावा यावा, असं घोकत ती बसायची.

दर वेळी उजवाच यायचा.

४

वर्षश्राद्धासाठी विभावरीबाई आल्या. गुडघा सुधारला होता, जीभ तर कधी बिघडलीच नव्हती. विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांनी रस्ते, मेंढ्या, लेकाची दाढी सगळ्यांना नावं ठेवली. घरात शिरताना निवेदिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कानाशी येऊन हळूच विचारलं, "कितवा?"

निवेदिता चमकली. तिने अजून गंधारलाही सांगितलं नव्हतं. मागचं गेलं होतं, म्हणून भीतीने.

"तिसरा लागलाय. आई, त्याला इतक्यात नका सांगू."

"मी कशाला सांगू? तुझं तोंडच सांगतंय."

संध्याकाळी गंधारने आईला गळ दाखवले. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक मांडला, लहान मुलाने शंखशिंपले मांडावे तसे. विभावरीबाईंनी चष्मा लावला. एक गळ उचलला, आकड्याचं टोक आणि टोकावरचा तुकडा बोटाने चाचपला. मग सगळ्यांची टोकं तशीच चाचपली. एकही टोक उघडं नव्हतं.

"तुकडे तू लावलेस?"

"नाही गं. असेच येतात."

"आणि तू?"

निवेदिताने नाही म्हणून मान हलवली.

विभावरीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं. तो आवाज थांबल्यावर त्या म्हणाल्या, "दहाव्याला कावळा शिवला होता का रे?"

"आई, इकडे कावळे नसतात. गुरुजींनी दर्भाचा—"

"गवताचा कावळा! त्याला काय कळतंय? मग वचन कोणी दिलं? काय अडकलंय असं कोणी विचारलं त्यांना?"

"कोणी नाही," गंधार म्हणाला.

"मग ते जातील कसे? बसलेत काम करत."

गंधारचा चेहरा उजळला. "मी तेच म्हणतोय! आई, नानाच सोडवून देतायत. आता एकच राहिलाय, रुपेरी. नीने दिलेला. गेले दोन शनिवार माझी दोरी त्याच जागी अडकते आणि निघत नाही. त्यांना जमत नाहीये तो. खोल रुतला असेल. मी जरा आत उतरतो आणि—"

"नाही," निवेदिता म्हणाली.

"कमरेएवढंच पाणी आहे, नी. वेटसूट घालीन. मी पोहतो, यू नो दॅट."

"नाही म्हटलं ना!"

"त्यांनी इतके काढले, एक मी काढला तर काय बिघडलं? त्यांना बरं वाटेल. शनिवारी श्राद्ध आहे, त्याच दिवशी काढतो."

तो आपल्या खोलीत गेला. विभावरीबाई टेबलावरचे गळ आवरत होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, पण बोलल्या तिच्याशीच.

"त्यांना कोणीतरी काम सांगितलंय. सांगितलेलं काम अर्धं टाकून उठा म्हटलं तरी ते उठायचे नाहीत, जेवायलासुद्धा. ज्याने सांगितलं, त्यानेच पुरे म्हणावं लागतं."

निवेदिताने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. बोलावं तर नवरा जातो. कुठल्या मुलाला बापाच्या मरणाचं कारण घरात नांदवता येईल? न बोलावं तरी नवरा जातो, त्याच पाण्यात, त्याच फांद्यांत. नळ वाहत राहिला. मागे खुर्ची करकरली. तिने वळून पाहिलं तर सासूबाई केव्हाच उठून गेल्या होत्या आणि खुर्ची रिकामी होती.

५

शनिवारी दुपारी तळ्यावर वारा नव्हता. पाणी इतकं स्थिर की पांढरे शेंडे वर किती आणि खाली किती ते कळू नये. विभावरीबाईंनी काठाच्या ओंडक्यावर केळीच्या पानाचा तुकडा मांडला. तो मिळवायला गंधार पाच दुकानं फिरला होता. पानावर पिंड ठेवला. कुत्रावाला माणूस वरून जाता जाता "किया ओरा", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणाला, त्यांचं काय चाललंय ते ओळखून त्याने टोपी काढली आणि कुत्र्याला ओढत निघून गेला.

गंधारने गळ फेकला. लूअर दोन शेंड्यांच्या मधे पडला, दोरी सरसर गेली आणि अडकली.

"च्यक्."

"तू केलास आवाज?" निवेदिताने विचारलं.

"टुई असेल," गंधार म्हणाला. "ते पक्षी काहीही आवाज काढतात." पण झाडांकडे त्याने पाहिलं नाही. पाण्याकडेच पाहून हसला. "धर ही काठी. दोरी ताठ ठेव, म्हणजे मला जागा कळेल."

त्याने जँडल्स काढल्या. शेजारी शेजारी ठेवल्या, पावलं जुळवल्यासारख्या. ते बघून निवेदिताने काठी दोन्ही हातांनी आवळली. वेटसूट घालून तो उतरला. घोटा, मग गुडघा. "हीप्स ऑफ फांद्या, बाप रे," तो स्वतःशीच म्हणाला.

काठी निवेदिताच्या हातात होती. दोरी ताठ होती आणि दोरीतून काहीतरी येत होतं.

तिने आयुष्यात मासा धरला नव्हता, पण मासा ओढतो म्हणजे हिसका देतो हे तिला ऐकून ठाऊक होतं. हा हिसका नव्हता. बारीक बारीक धक्के होते, एकेक करून, थांबून थांबून. गाठ सुटत नसली की आपण नखाने तिला उलगडत बसतो ना, घाई न करता? तसे. पाण्याची ओढ असेल, ती मनात म्हणाली. दोरी फांदीवर घासत असेल. पण वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, आणि ते धक्के मधेच थांबत, जशी बोटं गारठली म्हणून कुणी ती चोळून पुन्हा कामाला लागावं.

गंधार मांडीपर्यंत आत गेला होता.

"गंधार, मागे ये."

"दोनच मिनिटं."

"मी सांगितलं होतं," निवेदिता म्हणाली.

"काय?"

"मी म्हणाले होते त्यांना उतरायला. फोनवर. सुलेखाला. घालवलाय तर उतरा म्हणावं आणि आणा सोडवून, असं म्हणाले. ते भिंतीपलीकडे होते. त्यांनी ऐकलं. तू नाही, गंधार, पाणी गार आहे हे सांगायला तू नाही चुकलास. मी सांगितलं म्हणून ते उतरले."

गंधार पाण्यात तसाच उभा राहिला.  धक्के चालूच होते.

मागून विभावरीबाईंचा आवाज आला, शांत. "त्याला काय सांगतेस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग. आणि मोठ्याने सांग. डाव्या कानाने ऐकू येत नाही त्यांना."

निवेदिताने तळ्याकडे तोंड केलं. तिला लाज वाटली, मग लाजही राहिली नाही.

"नाना!" ती ओरडली. "नाना, राहू द्या तो! नको मला! मी रागाने बोलले. मी चुकले. पुरे झालं, नाना, दोरी तोडा. तोडून टाका आणि या वर!"

दोन शेंड्यांच्या मधे एक बुंधा होता, पाण्यावर वाकलेला, करडा. तो पहिल्यापासून तिथे आहे असंच ती धरून चालली होती. आता तो हलायचा थांबला, तेव्हा तिला कळलं की इतका वेळ तो हलत होता.

आणि मग तो जरासा वळला. सगळा नाही. उजवा गाल पुढे करून, मान थोडी खाली घालून, देवळात घंटेखाली माणूस वाकतो तसा.

निवेदिताने डोळे मिटले. तिच्याने बघवलं नाही.

काठी एकदम हलकी झाली. तिने डोळे उघडले तेव्हा दोन शेंडे होते आणि मधे नुसतं पाणी. गंधार काठाला आला होता, ओंडका धरून उभा होता. त्यानेच दोरी गुंडाळून घेतली. टोकाला ना त्याचा लूअर होता ना रुपेरी. टोक चपटं झालं होतं, दाढेखाली धरल्यासारखं. ते त्याने दोन बोटांत धरून कितीतरी वेळ पाहिलं.

विभावरीबाई ओंडक्याकडे बघत होत्या. केळीचं पान तिथेच होतं, कोरडं. पिंड नव्हता. आजूबाजूला पाखरू नव्हतं.

"शिवला," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

६

गंधार बोलेनासा झाला. भांडला असता तर निवेदिताला बरं वाटलं असतं. तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा, आणि बाहेरच्या खोलीत नानांच्या खुर्चीत बसायचा. मूल येणार आहे हे तिने त्याला सांगितलं तेव्हा तो "काळजी घे" म्हणाला, इतकंच. ती बॅग भरायला लागली. सुलेखाकडे जाते म्हणाली.

विभावरीबाईंनी बॅग उचलून पलंगाखाली ढकलली.

"मी जन्मभर त्यांना हेच म्हणत आले," त्या म्हणाल्या. "घालवून आलात ना गळ? जा, घेऊन या! शेजारीपाजारी ऐकायचे. एकदाही उतरले नाहीत गं. माझं या कानाने ऐकून त्या कानाने सोडायचे. तुझा शब्द मात्र खाली पडू दिला नाही. आता तुला त्याचं काय वाटायचं ते वाटो. मला तर हेवा वाटतो."

हे दाराशी उभ्या असलेल्या गंधारने ऐकलं. तो आत आला नाही. पण त्या रात्री त्याने ताट वाढायला घेतलं, आणि निवेदिताच्या पानात आधी वाढलं.

गराजमधल्या बादलीत पुन्हा कुठला जुना गळ आला नाही. लाँड्रीतला टब कोरडा राहिला, त्यात धुणं पडायला लागलं. डिसेंबरात, तिकडच्या भर उन्हात, त्या घरात मुलगी झाली. तिचं नाव ईशा ठेवलं. आजीने नातीची आंघोळ, शेक, गुटी सगळं केलं आणि तिकडच्या नर्सबाईंनाही नावं ठेवली. पुढे ईशा रांगायला लागली. घरभर फिरली, गराजमध्ये गेली, बादलीत हात घालून बसली. तिला काही टोचलं नाही. सगळी टोकं झाकलेली होती.

गंधार अजून शनिवारी तळ्यावर जातो. आता लेकीला मांडीवर घेऊन बसतो. दुपारी परत येतो, जँडल्स दाराशी काढतो आणि स्वयंपाकघरात डोकावतो.

"अडकला," तो सांगतो. "तोडला."

"बरं केलंस," निवेदिता म्हणते आणि पोळी तव्यावर टाकते.

रुपेरी गळ तिथेच आहे, फांद्यांत. तो कुणी मागत नाही. नाना सुटले, सून सुटली, लेकराने घर भरलं. त्या घराला लाभलं तसं सुख ऐकणाऱ्यांच्या घरी नांदो.